कॅम्परचा खचलेला तळ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मोटारीमागे ओढावयाचा एक जुना कॅम्पर ट्रेलर आम्ही पहिल्या मालकाकडून घेतला आहे. आतील तळ सुमारे दहा फूट लांब व सहा फूट रुंद असून खाली लोखंडी चॅनलची (‘सी’ आकाराच्या लांब तुळयांची) चौकट, तिच्यावर १२ मि.मी. प्लायवुड आणि त्यावर विनाइल शीट चिकटवलेले आहे. पावसाळा संपल्यावर महेश्वरला जाऊन आलो, तेव्हा स्वयंपाकाच्या ओट्यासमोरचा भाग पाय टाकताच दबतो असे लक्षात आले. दाराजवळही तसाच झोल आहे. लोहामंडीजवळच्या एका वर्कशॉपने जुना तळ न काढता त्यावरच ३ मि.मी.ची चेकर्ड प्लेट (उठावदार नक्षीचा लोखंडी पत्रा) बसवून द्यावी असे सुचवले असून काम एका दिवसात होईल असे ते म्हणतात. आमच्या सुताराचे म्हणणे असे की, १८ मि.मी.चे प्लाय घातले की प्रश्न मिटेल. दोघांपैकी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : तूर्त दोघांनाही थांबवावे. आपण सांगितलेल्या दोन्ही जागी माणसांचा वावर सर्वांत जास्त असतो आणि पाणीही तेथेच सर्वांत आधी पोहोचते. त्यामुळे तळ वजनाने वाकला आहे की आतून कुजला आहे, हे नुसत्या वर्णनावरून ठरत नाही, आणि ते ठरल्याखेरीज केलेला कोणताही खर्च अंदाजपंचे होईल.

वर्कशॉपच्या सूचनेमागे अनुभव नाही असे नव्हे. सोयाबीनची पोती ज्यावर आदळतात त्या ट्रकच्या तळाला चेकर्ड प्लेट योग्यच असते. कॅम्परचे गणित मात्र निराळे आहे. लोखंडी पत्र्याचे वजन जाडीच्या प्रत्येक मि.मी.ला चौरस मीटरमागे ७.८५ किलो भरते. त्या हिशेबाने आपल्या साठ चौरस फुटांवर ३ मि.मी.ची प्लेट घातली, तर १३० ते १४० किलो वजन कायमचे वाढेल, आणि मानपूरचा घाट उतरताना ते मोटारीच्या ब्रेकला जाणवल्याशिवाय राहणार नाही. त्याहून वाईट गोष्ट ही की, ओले प्लाय वरून पत्र्याने झाकले गेले म्हणजे त्यातली ओल सुकायला वाट उरत नाही. कुजणे चालूच राहते, फक्त ते पायाला कळेनासे होते; आणि पुढे जेव्हा कळते तेव्हा प्लायबरोबर भिंतींचा पायाही गेलेला असतो.

तपासणीसाठी ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना पुढून-मागून ओंडके लावावेत आणि चौकटीखाली लोखंडी घोड्या द्याव्यात. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. मग दोन्ही लांब चॅनलांच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सूत ताणून पाहावे. चॅनलच वाकलेला दिसला, किंवा ॲक्सलजवळचे वेल्डिंगचे टाके तडकलेले आढळले, तर दुखणे तळाचे नसून चेसिसचे आहे, आणि ते चेसिसचे काम करणाऱ्याकडेच न्यावे. दाराच्या वरच्या फटीची रुंदी एका कोपऱ्यात वाढलेली असणे, दार अलीकडे घासू लागणे, हीदेखील चौकट हलल्याची लक्षणे होत.

चॅनल सरळ असेल तर प्लायकडे वळावे. खालून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचत गेल्यास धड प्लाय दाद देत नाही. कुजलेल्या प्लायमध्ये टोक सहज शिरते आणि बाहेर येताना काळसर, ओलसर भुगा घेऊन येते. वरच्या बाजूने विनाइल उचलून हातोडीच्या दांड्याने ठोकत जावे, आणि खणखणीत आवाज जेथे बद्द होतो तेथे खडूने खूण करावी. या खुणा जोडल्यावर बहुधा असे दिसते की, बिघडलेला भाग पायाखाली दबणाऱ्या भागाहून बराच मोठा आहे आणि तो भिंतीच्या दिशेने पसरत गेला आहे. तसे नसेल, म्हणजे प्लाय सर्वत्र कोरडे व टणक निघाले, तर दोष आडव्या आधारांमधल्या अंतराचा आहे. जुन्या ट्रेलरांत हे अंतर अडीच-तीन फुटांचेही असते, आणि १२ मि.मी.च्या प्लायला ते झेपत नाही.

ओल आढळल्यास ती कोठून येते याचा शोध हा या दुरुस्तीतला सर्वांत चिकाटीचा भाग आहे, आणि कारागीर नेमका तोच टाळतात, कारण त्याचे वेगळे पैसे मागता येत नाहीत. पाणी जेथे शिरते तेथे ते दिसत नाही. छताच्या झरोक्याच्या कडेने आलेला थेंब भिंतीच्या आतल्या पट्टीवरून उतरत उतरत तळाच्या कडेला येतो, तेथून उतार असेल त्या बाजूला सरकतो आणि सहा फूट दूर जाऊन साचतो. म्हणून ट्रेलर बहुधा कोणत्या बाजूला कललेला उभा असतो, हे आधी आठवून पाहावे. मग एका माणसाने आत बसावे व दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. मात्र सुरुवात खालून करावी. प्रथम चाकांवरची कमान व तळाची कड, नंतर दाराचा उंबरठा, नंतर खिडक्यांच्या खालच्या चौकटी, मग कोपऱ्यांवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि शेवटी छत, अशा क्रमाने प्रत्येक भागावर दहा-पंधरा मिनिटे पाणी सोडून आतल्या माणसाने कोरड्या वर्तमानपत्राचे कागद कडांना लावून पाहावे. वरून सुरुवात केली तर पाणी सर्वत्र ओघळते आणि दोषी जागा ओळखता येत नाही. आपल्या प्रकरणात मात्र नळी हातात घेण्यापूर्वी सिंकखालचे कपाट उघडून निचऱ्याच्या पाइपाचे जोड हाताने चाचपावेत, टाकी काठोकाठ भरून तिच्या तोंडाशी व बुडाशी कागद ठेवावा. ओट्यासमोरच तळ दबत असल्याने आमचा पहिला संशय तेथेच जातो.

गळती सापडून बंद झाल्यावर तळ सुकू द्यावा. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारणपणे २० टक्क्यांहून अधिक ओल लागते; त्याखाली ती वाढत नाही. ओल मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. ते नसल्यास फूटभर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने प्लायवर बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसले, तर प्लाय अजून ओले आहे असे समजावे. दिवाळीनंतर मालव्यातली हवा कोरडी असते, त्यामुळे विनाइल काढून, दारे-खिडक्या उघड्या ठेवून ट्रेलर उन्हात उभा केला तर वेगळी यंत्रे लावावी लागत नाहीत. घाई असलेल्यांनी पंखा लावावा, पण गॅसची शेगडी पेटवून आत उष्णता करू नये, कारण गॅस जळताना स्वतःच पाण्याची वाफ सोडतो.

आता कापण्याविषयी. बॅटरीची तार सोडून ठेवावी, गॅसचा सिलिंडर बाहेर काढावा, आणि करवतीचे पाते प्लायच्या जाडीइतकेच खाली येईल असे बसवावे, कारण तळाखालून बहुधा वायरी व पाण्याचे पाइप गेलेले असतात. कुजलेल्या कडेपासून चारही बाजूंना किमान सहा इंच पुढे, धड लाकडापर्यंत जावे आणि काप आडव्या आधाराच्या मध्यावर यावा, म्हणजे जुन्या व नव्या दोन्ही तुकड्यांना टेकायला जागा मिळते. लांबीच्या दिशेने येणारा जोड दोन आधारांच्या मध्ये हवेत लोंबकळतो; त्याच्या खाली प्लायची चार इंच रुंद पट्टी चिकटवून स्क्रूने आवळावी.

खरी अडचण भिंतीशी येते. अनेक कॅम्परांत भिंती तळाच्या कडेवरच उभ्या केलेल्या असतात, त्यामुळे संपूर्ण शीट ओढून काढता येत नाही. भिंतीखालची पट्टी धड असेल तर तिला हात लावू नये, भिंतीच्या आतून काप घेऊन तेथे खालून आधार द्यावा. तीच कुजली असेल तर मात्र तिला सोडून चालणार नाही, कारण नवा तळ टणक आणि भिंत मऊ पायावर, अशी स्थिती पहिल्याच खडबडीत रस्त्यावर उघडी पडते. अशा वेळी आतून भिंतीला लाकडी टेकू देऊन फूट-दीड फुटाचा एकच तुकडा काढावा, त्या जागी नवा बसवून पक्का करावा आणि मगच पुढच्या तुकड्याला हात घालावा. संपूर्ण बाजू एकदम मोकळी केली तर भिंत बसते, खिडकीची चौकट तिरपी होते, आणि मग तिची काच बसवण्याचा खर्च तळाच्या खर्चाच्या पुढे जातो. हे काम सावकाशच होते. एका दिवसाचा वायदा करणाऱ्याने हे पाहिलेले नाही असे समजायला हरकत नाही.

तळ उघडा झाला की चौकटीची दुरुस्ती करून घ्यावी, कारण अशी संधी पुन्हा येणार नाही. गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा. हातोडीच्या ठोक्याने पापुद्रे सुटून भोक पडत असेल तो तुकडा बदलावा, उरलेल्यावर रेड ऑक्साइड प्रायमर व त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. याच टप्प्यावर आपल्या सुताराच्या सूचनेचा विचार करू. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १२ ऐवजी १८ मि.मी. घातल्यास तो सुमारे ३.४ पट होईल, हे खरे. परंतु दोन आधारांतले अंतर निम्मे केले, तर एका जागी पडलेल्या वजनाखालचा बाक आठव्या हिश्श्यावर येतो. जाड प्लायने आपल्या तळाचे वजन वीस-बावीस किलोंनी वाढेल. उलट ४० मि.मी. चौकोनी व २ मि.मी. जाडीच्या लोखंडी पाइपाचे तीन नवे आडवे आधार घातल्यास वाढ बारा-तेरा किलोंचीच होईल. म्हणून आम्ही १२ मि.मी.चेच प्लाय ठेवून आधारांमधले अंतर बारा ते पंधरा इंचांवर आणण्याचा सल्ला देऊ. अंतर फारच मोठे असल्याने तीनहून अधिक पाइप लागले, तरी वजनाचा हिशेब पाइपाच्याच बाजूने राहतो किंवा फार तर बरोबरीत येतो, आणि ताठपणा मात्र पुष्कळ जास्त मिळतो. वेल्डरला एवढे बजावावे की, लांब चॅनलच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीवर आडवा टाका मारू नये, कारण वजनाचा ताण तेथेच सर्वाधिक असतो. नवा पाइप चॅनलच्या मधल्या उभ्या भागाला जोडावा. वेल्डिंगच्या वेळी जवळपास थर्मोकोल वा फोम असेल तर तो आधी काढावा आणि पाण्याची बादली हाताशी ठेवावी.

प्लाय घेताना सियागंज बाजारात दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द फार सैलपणे वापरतात. शीटवरचा शिक्का पाहावा. आय. एस. (भारतीय मानक) ३०३ मध्ये साधे व पाणीरोधक असे दोन्ही दर्जे येतात, आय. एस. ७१० हे मरीन प्लाय असून त्याच्या चिकटद्रव्याची कसोटी ७२ तास उकळत्या पाण्यात घेतली जाते. येथे आय. एस. ७१०चेच घ्यावे. मात्र मरीन प्लायचा चिकटपणा टिकतो म्हणजे त्यातले लाकूड पाणी पीत नाही असे नव्हे. प्लाय पाणी पिते ते मुख्यतः कापलेल्या कडांतून, म्हणून प्रत्येक कडेला व प्रत्येक स्क्रूच्या भोकाला बसवण्यापूर्वीच इपॉक्सीचे (दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनचे) दोन हात द्यावेत. वरच्या थराच्या रेषा आडव्या आधारांना काटकोनात याव्यात. त्या दिशेने प्लाय अधिक ताठ असते. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू वापरू नयेत, ते लवकर गंजतात व धक्क्याने तुटतात. ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू किंवा बसक्या डोक्याचे बोल्ट घ्यावेत. फटींसाठी पॉलियुरेथेन सीलंट उत्तम. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन लोखंडाजवळ भरू नये, कारण सुकताना त्यातून सुटणारे ॲसिटिक ॲसिड धातूला गंजवते. जुन्या पण धड प्लायला आतल्या अंगाने बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे द्रावण लावल्यास बुरशी व वाळवी दोन्हींपासून संरक्षण मिळते. खालच्या उघड्या अंगाला त्याचा उपयोग नाही, पावसाच्या पाण्याने ते धुऊन जाते.

प्रश्न : माझ्या भाच्याने बनवून घेतलेल्या कॅम्परचा तळ दोन पातळ प्लायच्या मध्ये फोम भरून केलेला आहे. दाराजवळ चालताना तळ किंचित खाली-वर होतो व टक-टक असा आवाज येतो, पण ओल कोठेही नाही. असा तळ न काढता दुरुस्त होतो का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : होतो, आणि असा तळ कापण्यापूर्वी हा उपाय करून पाहावाच. अशा तळात ताकद प्लायची किंवा फोमची एकट्याची नसते. तिन्ही थर एकमेकांना चिकटून असतात तोवरच तो वजन पेलतो. दाराशी रोज त्याच जागी पाऊल पडल्याने गोंद सुटतो, वरचा थर फोमवर नुसता टेकलेला राहतो आणि आपण म्हणता तो आवाज येऊ लागतो. ठोकून सुटलेल्या भागाची सीमा आखून घ्यावी. त्या भागात चार-पाच इंचांच्या अंतराने ८ ते १० मि.मी.ची भोके पाडावीत. ती वरचे प्लाय व फोम यांतून जावीत, पण खालचे प्लाय फुटू नये, म्हणून ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करावी. मग पातळ इपॉक्सी मोठ्या सिरिंजने एकेका भोकात भरत जावे, शेजारच्या भोकातून ते वर डोकावू लागले की पुढे सरकावे. भोके लाकडी खुंट्यांनी बंद करून वर प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी आणि फळीवर विटा किंवा पाण्याचे भरलेले डबे असे वजन चोवीस तास ठेवावे. नंतर खुंट्या तासून टाकाव्यात.

दोन गोष्टींपासून दूर राहावे. फायबरचे काम करणारे कारागीर इपॉक्सीऐवजी पॉलिस्टर रेझिन सुचवतील, कारण ते स्वस्त असते व त्यांच्याकडे तयार असते. परंतु मधला फोम थर्मोकोलच्या जातीचा असेल तर त्या रेझिनमधील स्टायरीन तो विरघळवून टाकते आणि दुरुस्तीच्या जागी पोकळी तयार होते. दुसरी गोष्ट म्हणजे डब्यातून फवारायचा फुगणारा फोम. तो फुगताना वरचे प्लाय उचलतो, आणि त्याला वजन पेलण्याइतका घट्टपणाही नसतो. सुटलेला भाग दाराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला असेल तर तेथील कड सील करावयास विसरू नये; आज तळ कोरडा आहे, तो पुढच्या पावसाळ्यातही तसाच राहिला पाहिजे.

प्रश्न : तळ बदलल्यावर आर.टी.ओ.कडे नोंद करावी लागते का? आणि प्लायऐवजी सागाच्या फळ्या बसवल्या तर चालेल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही की ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील. कुजलेले प्लाय काढून त्याच जाडीचे नवे घालणे ही दुरुस्ती होय, तिने तपशील बदलत नाहीत. परंतु रिकाम्या वाहनाचे वजन हाही प्रमाणपत्रातला तपशील आहे, आणि वर सांगितलेल्या चेकर्ड प्लेटसारखे काम केल्यास तोच बिघडतो. लांबी-रुंदी, ॲक्सल किंवा चेसिस यांना हात लावायचा असेल तर काम सुरू होण्यापूर्वी आर.टी.ओ.त विचारणा करावी.

सागाविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. साग टिकाऊ आहे यात वाद नाही, पण सुट्या फळ्या ऋतुमानाप्रमाणे आकसतात व फुगतात, त्यांच्या फटींतून चाकांनी उडवलेले पाणी व धूळ वर येते, आणि एकसंध शीट जशी चौकटीला तिरपी होऊ देत नाही तसा आधार सुट्या फळ्यांकडून मिळत नाही. हौस असेल तर प्लायच्या वर पातळ सागी पट्ट्या लावता येतील. त्यांचे वजन मात्र हिशेबात धरावे. काम संपल्यावर देवास नाक्याकडच्या एखाद्या धरमकाट्यावर ट्रेलर मोटारीपासून सोडवून दोनदा तोलावा, एकदा पाण्याची टाकी रिकामी असताना आणि एकदा भरलेली असताना, व दोन्ही पावत्या नोंदणी प्रमाणपत्रासोबत ठेवाव्यात.